'नेटिव्ह' या शब्दाची जात

गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयातल्या एम.ए.च्या एका विद्यार्थिनीने मला विचारले, "सर, परदेशात इंग्रजी शिकवायला जायचं तर काय पास व्हावं लागतं?" प्रश्न साधा होता. उत्तर दोन मिनिटांत देता आले असते, कारण ती पात्रता मी स्वतः मिळवलेली आहे. परंतु सांगताना मी अडखळलो. काय पास व्हावे लागते ते सांगणे सोपे आहे. पास झाल्यावरही काय राहून जाते, ते सांगणे अवघड आहे. शिवाय या विषयावर जे इंग्रजी ग्रंथ लिहिले गेले आहेत, त्यांत आमच्यासारख्यांचा विचार कोठे आणि किती आहे, हाही प्रश्न होताच. या लेखाचे कारण एवढेच.

माझ्याविषयी आवश्यक तेवढे सांगतो. वडील बाजार समितीत हमाली करीत, आई रोजंदारीने शेतावर जाई. घरातला मी पहिला पदवीधर. महाराष्ट्रात जून २००० पासून पहिलीच्या वर्गात इंग्रजी आले. मी त्याआधीच्या तुकडीतला, पाचवीत इंग्रजी मुळाक्षरे गिरवलेला. पुढे इंग्रजी घेऊन एम.ए. झालो, सेट झालो आणि गेली नऊ वर्षे तासिका तत्त्वावर शिकवतो आहे. तासिका तत्त्व म्हणजे काय, हे या पानांच्या वाचकांना समजावून सांगायला नको. तास सुरू असतील तोवर प्राध्यापक, सुट्टी लागली की बेकार. अशा माणसाला परदेशाचे दार किलकिले दिसले तर त्याने तिकडे पाहू नये काय? मी पाहिले. पतसंस्थेचे कर्ज काढून एका महानगरातल्या केंद्रात ते प्रमाणपत्र घेतले.

या प्रमाणपत्राला सेल्टा म्हणतात. जगभरच्या खासगी इंग्रजी शाळांत त्याचा दबदबा आहे. त्याचे मूळ १९६२ सालच्या लंडनमध्ये सापडते. जॉन हेक्राफ्ट आणि त्यांच्या पत्नी ब्रिटा यांनी १९५३ साली स्पेनमधल्या कोर्दोबा गावी इंग्रजीची शाळा काढली होती. पुढे त्यांनी लंडनला 'इंटरनॅशनल हाऊस' उभे केले. इंग्रजी बोलणारी तरुण माणसे त्यांना हवी तेवढी मिळत होती, पण त्यांना शिकवता येत नव्हते. म्हणून दोन आठवड्यांचा एक कामचलाऊ अभ्यासक्रम त्यांनी सुरू केला. तो वाढत वाढत १९८८ साली केंब्रिजच्या परीक्षा मंडळाकडे गेला. आज त्यात किमान १२० तास असतात, ६ तास प्रत्यक्ष वर्गात शिकवावे लागते, ६ तास अनुभवी शिक्षकांचे अध्यापन पाहावे लागते आणि चार लेखी कामे द्यावी लागतात. शेवटी परीक्षा नाही. पूर्णवेळ केला तर चार आठवड्यांत संपतो. आपल्याकडचे बी.एड. २०१५ पासून दोन वर्षांचे झाले आहे, हे जाता जाता लक्षात ठेवावे.

या इतिहासातली गोम अशी की, हे प्रमाणपत्र मुळात जन्माने इंग्रजी बोलणाऱ्या माणसाची उणीव भरून काढण्यासाठी निघाले. भाषा येते पण शिकवता येत नाही, ही त्याची उणीव. आमच्याकडे येईपर्यंत त्याचा अर्थ उलटा झाला. शिकवता येते पण भाषा तुमची नाही, तेव्हा ती येते हे आधी सिद्ध करा, असा तो झाला. एकाच कागदावर दोन वेगळ्या माणसांकडून दोन वेगळ्या गोष्टी मागितल्या जातात.

आमच्या तुकडीत बारा जण होतो. त्यात दोन गोरे होते. मनाने चांगले, मोकळे. त्यातल्या एकाला 'आय हॅव सीन हिम यस्टरडे' हे वाक्य का चुकते ते सांगता येईना. चुकते एवढे त्याला कानाने कळत होते. मी त्याला जेवणाच्या सुट्टीत कागदावर रेघ मारून काळ समजावून दिला. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाढलेल्या माणसाला ते अवघड नव्हते. अभ्यासक्रम संपल्यावर तीन आठवड्यांत तो दक्षिण कोरियात नोकरीवर रुजू झाला. मला आशियातल्या वेगवेगळ्या शहरांतल्या भाषाशाळांकडून अकरा नकार आले. एका शाळेने प्रामाणिकपणे लिहिले की पालकांना 'नेटिव्ह' शिक्षक लागतो. दुसऱ्या एकीने पगाराचे दोन तक्ते पाठवले होते, एक 'नेटिव्ह'साठी आणि एक इतरांसाठी. अर्जाबरोबर फोटो मात्र सगळ्यांनी मागितला होता.

'नेटिव्ह' हा शब्द मोठा गमतीचा आहे. एकोणिसाव्या शतकात नेटिव्ह म्हणजे आपण होतो. १८२७ साली मुंबईच्या शिक्षणसंस्थेला 'बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी' असे नाव मिळाले, ते काही इंग्रजांच्या मुलांसाठी नव्हे. साहेबाच्या तोंडी नेटिव्ह म्हणजे काळा, अडाणी, ज्याला इंग्रजी शिकवायचे तो. आज त्याच शब्दाच्या पुढे 'स्पीकर' लागला आणि तो गोऱ्याच्या अंगावर मानाच्या शालीसारखा जाऊन पडला. शब्द तोच राहिला. बदलली ती त्याची मालकी.

भाषाशास्त्राने त्याला शास्त्राचा दर्जा दिला. ब्लूमफील्ड यांनी १९३३ सालच्या ग्रंथात जन्मतः प्रथम शिकलेल्या भाषेच्या आधारे नेटिव्ह स्पीकरची व्याख्या केली. १९८५ साली भारतात जन्मलेले आणि कॅनडात कोशकार झालेले टॉमस पैकडे यांनी 'नेटिव्ह स्पीकर' मेला आहे, असे जाहीर करणारे पुस्तकच लिहिले. भाषेत पारंगत असणारा तोच भाषेचा खरा भाषिक, असा त्यांचा मुद्दा होता. परंतु बाजारात हा शब्द मेला नाही. युरोपीय आयोगाने २००२ साली नोकरीच्या जाहिरातीत ही अट घालणे कायद्यात बसत नाही, असे स्पष्ट केले. इंग्रजी शिक्षकांच्या 'टेसॉल' या संघटनेने २००६ साली या भेदभावाविरुद्ध भूमिका जाहीर केली. ठराव झाले आणि जाहिराती चालूच राहिल्या. ठराव आणि व्यवहार यांतले अंतर आम्हाला नवे नाही. अस्पृश्यता राज्यघटनेच्या १७ व्या कलमाने संपलेली आहे.

दक्षिण कोरियाचा नियम पाहण्यासारखा आहे. तिथे इंग्रजी शिकवण्याचा जो व्हिसा आहे तो सात देशांच्या नागरिकांसाठी आहे : अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. २०१० साली अमलात आलेल्या भारत-कोरिया करारात भारतीयांसाठी शाळेतल्या साहाय्यक शिक्षकाची एक फट कागदावर ठेवलेली आहे, एवढेच. आता दक्षिण आफ्रिकेत घरी इंग्रजी बोलणारे लोक दर दहांत एकाहूनही कमी आहेत. म्हणजे हा नियम भाषा मोजत नाही, पासपोर्ट मोजतो. कोणी म्हणेल, तेथील उमेदवाराकडून शालेय शिक्षण इंग्रजीतून झाल्याचा दाखला घेतात. घेतात, पण तो दाखला तर मुंबई, पुणे, नागपूर येथील हजारो मुलांकडेही आहे. त्याची किंमत कोणत्या देशाच्या शिक्क्याखाली तो आहे यावर ठरते. गुण माणसाच्या अंगचा नसून त्याच्या जन्मस्थानाचा, ही कल्पना कोठून तरी ओळखीची वाटते की नाही?

ती ओळखीची वाटते म्हणून लगेच दोन्ही गोष्टी एक आहेत असे म्हणणे मात्र उथळपणाचे होईल. उच्चारावरून नोकरी नाकारली जाते. त्यावरून कोणाची वस्ती जाळली जात नाही. नेटिव्ह स्पीकरच्या कल्पनेला धर्मग्रंथाचा आधार नाही, सोयरिकीची बंदी नाही. जात हा शब्द वाटेल त्या अन्यायाला लावण्याची जी फॅशन अलीकडे आली आहे, तिने जातीचे विष पातळ होते. माझे म्हणणे एवढेच की जन्मावरून अधिकार ठरवण्याची ही रीत कशी चालते ते ओळखायला आम्हाला ग्रंथ लागत नाहीत. आणि ज्यांना लागतात, त्यांना ती फक्त परदेशात दिसते.

हे शेवटचे वाक्य मी अनुभवाने लिहितो आहे. आमच्या तुकडीत एक सहकारी होते. महानगरातल्या इंग्रजी माध्यमात शिकलेले, दोन पिढ्या प्राध्यापकीच्या. भारतीय उच्चारांना परदेशात कसे हिणवले जाते यावर ते तळमळीने बोलत. ऐकून बरे वाटे. एके दिवशी चहाच्या वेळी त्यांनी विदर्भातून आलेल्या आमच्याच एका मैत्रिणीची नक्कल करून दाखवली. ती 'ऑफिशियल'ला 'ऑफिसियल' म्हणाली होती. सगळे हसले. तीही हसली, जशी आपण शाळेत 'पानी' म्हटल्यावर गुरुजी आणि वर्ग हसत असताना हसत असू. त्या गृहस्थांना लंडनच्या माणसाने आपला 'व्ह' आणि 'व' यांतला फरक काढला तर ती वसाहतवादी वृत्ती वाटते. आमच्या मुलीचा 'श' काढताना मात्र त्यांना ते विनोदाचे काम वाटते.

या पार्श्वभूमीवर रॉबर्ट फिलिप्सन यांच्या 'लिंग्विस्टिक इम्पीरिअ‍ॅलिझम' या १९९२ सालच्या ग्रंथाचा विचार केला पाहिजे. फिलिप्सन हे स्वतः ब्रिटिश कौन्सिलमध्ये काम केलेले गृहस्थ, तेव्हा त्यांना घरचे भेद ठाऊक होते. इंग्रजीचा जगभर झालेला प्रसार आपोआप झाला नाही, त्यामागे धोरण होते, पैसा होता, संस्था होत्या, हे त्यांनी पुराव्यानिशी मांडले. १९६१ साली युगांडातल्या मकेरेरे येथे इंग्रजीच्या अध्यापनाविषयी राष्ट्रकुलाची परिषद भरली होती. तिच्यातून निघालेली पाच गृहीतके त्यांनी एकेक करून तपासली : इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवावे, आदर्श शिक्षक म्हणजे नेटिव्ह, जितके लवकर सुरू तितके उत्तम, जितके जास्त तितके उत्तम, आणि दुसऱ्या भाषा वर्गात आल्या तर इंग्रजीचा दर्जा घसरतो. पाचही भ्रम आहेत, असा त्यांचा निष्कर्ष. त्यातला पहिला आणि शेवटचा भ्रम तर आमच्या केंद्रात रोज पाळला जात होता. वर्गात मराठी किंवा हिंदीचा एक शब्द उच्चारला तर निरीक्षकाच्या वहीत नोंद होई.

ग्रंथ मोलाचा आहे. इंग्रजीच्या प्रत्येक शिक्षकाने तो वाचावा. परंतु तो वाचताना मला सारखे जाणवत राहिले की हा ग्रंथ राष्ट्रे पाहतो, माणसे पाहत नाही. त्यात एका बाजूला साम्राज्यसत्ता आहे आणि दुसऱ्या बाजूला दडपलेल्या स्थानिक भाषा आहेत. स्थानिक भाषेच्या आत कोण कोणाला दडपत होते, हा प्रश्न तिथे डोके वर काढत नाही. आमच्या पूर्वजांना ज्या भाषेने दारात उभे केले नाही ती भाषा लंडनहून आलेली नव्हती. शाळेत संस्कृत शिकण्याची इच्छा असूनही बाबासाहेबांना फारसी घ्यावी लागली. तो नकार कोणत्या साम्राज्याचा होता? सावित्रीबाईंचा 'काव्यफुले' हा संग्रह १८५४ सालचा. इंग्रजी शिका असे सांगणारी कविता त्यात आहे. ती लिहिणारी बाई साम्राज्याची एजंट होती काय? १९१३ साली बाबासाहेब कोलंबियाला गेले आणि पुढे जे लिहिले त्यातले बरेचसे इंग्रजीत लिहिले, म्हणूनच ते या देशाच्या हद्दीबाहेर वाचले गेले. इंग्रजी ही आमच्यासाठी मुक्तीची वाट होती असे म्हटले की पुरोगामी मित्रांच्या कपाळाला आठी पडते. ती वाट इंग्रजांनी आमच्यासाठी बांधली नव्हती, हेही आम्हाला ठाऊक आहे. त्यांना कारकून हवे होते आणि ते त्यांना कोणत्या आळीत मिळाले हेही ठाऊक आहे. पण वाट पडली आणि तिच्यावरून आम्ही चालत गेलो.

याच्या उलट दुसरे टोक आहे. चंद्रभान प्रसाद यांनी २०१० साली उत्तर प्रदेशातल्या लखीमपूर खेरी जिल्ह्यातील बनका गावी इंग्रजी देवीच्या मंदिराचा घाट घातला. मेकॉलेचा जन्मदिवस ते साजरा करतात. त्यांच्या मागणीमागची तळमळ मला कळते. डिवचण्याचा हेतूही कळतो. तरी बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातल्या माणसाला देवी पचत नाही. देवी केली की पूजा येते आणि पूजा आली की पुजारी येतो. इंग्रजीचे पुजारी तर या देशात आधीच बसलेले आहेत. कॉन्व्हेंटच्या फीच्या पावत्या हेच त्यांचे जानवे.

फिलिप्सनच्या रागात आणि प्रसादांच्या आरतीत एक गोष्ट समान आहे. दोघेही इंग्रजीला एकसंध वस्तू मानतात. वर्गात उभे राहिले की ती तशी राहत नाही. आणि म्हणून मी आता वर्गातली गोष्ट सांगतो.

आमच्या केंद्रात सरावासाठी जे विद्यार्थी येत, ते फुकट शिकायला मिळते म्हणून येणारे प्रौढ होते. एक सुरक्षारक्षक, दोन परिचारिका (त्यांना आखाती देशात जायचे होते), शिंप्याच्या दुकानात काम करणारी मुलगी, एका हॉटेलात खोल्या साफ करणाऱ्या मावशी, काही कारकून. माझ्याकडे प्रेझेंट परफेक्टचा पाठ होता. पुस्तक परदेशी, गुळगुळीत कागदाचे, चित्रे रंगीत. त्यातला प्रश्नसंच असा : तुम्ही कधी बर्फावर घसरण्याचा खेळ खेळला आहात का? कधी सुशी खाल्ली आहे का? कधी प्रसिद्ध व्यक्तीला भेटला आहात का? कधी विमान चुकले आहे का? जोड्या करून एकमेकांना विचारायचे होते. मावशींनी प्रत्येक प्रश्नाला उत्तर दिले, "नो, आय हॅवंट." अकरा वेळा. उच्चार स्वच्छ, व्याकरण बिनचूक. निरीक्षकांनी वहीत लिहिले की नियंत्रित सराव उत्तम झाला. मला मात्र त्या अकरा 'नो'नी रात्री झोप येऊ दिली नाही. व्याकरणाच्या नावाखाली मी एका बाईकडून तिच्या आयुष्यात काय काय घडले नाही याची यादी वदवून घेतली होती.

ही काही एका पुस्तकाची चूक नाही. जगभर खपणाऱ्या या पुस्तकांसाठी प्रकाशनव्यवहारात एक अलिखित सोवळे आहे. आद्याक्षरे जुळवून त्याला 'पार्स्निप' म्हणतात : राजकारण, दारू, धर्म, लैंगिकता, अमली पदार्थ, वाद-विचारसरणी आणि डुकराचे मांस हे विषय टाळायचे. जॉन ग्रे यांनी या पुस्तकांची २०१० साली जी चिकित्सा केली, ती वाचली तर कळते की यांत दिसणारे जग प्रवास, खरेदी, यशस्वी नोकऱ्या आणि प्रसिद्ध माणसे यांचे आहे. त्या जगात खोल्या आपोआप साफ होतात. डुकराचे मांस वगळले जाते ते परदेशी बाजारपेठांच्या धार्मिक भावना दुखावू नयेत म्हणून. पण वराहपालन करून जगणाऱ्या माणसाचे जगणे त्याबरोबर वगळले गेले, याचे कोणाला सुतक नाही. आमच्या मराठी क्रमिक पुस्तकांतही वर्षानुवर्षे हेच चालत आले. दलित आत्मकथनांनी जो स्फोट केला तो या सोवळ्याविरुद्धच होता. इंग्रजीच्या क्रमिक पुस्तकांत तो स्फोट अजून झालेला नाही.

पुढच्या पाठात मी प्रश्न बदलले. व्याकरण तेच ठेवले. तुम्ही कधी रात्रपाळी केली आहे का? कधी मालकाला उलट उत्तर दिले आहे का? कधी दुसऱ्याचे पत्र वाचून दाखवले आहे का? आणि शेवटचा प्रश्न : तुम्हाला कधी कोणी पूर्ण नाव विचारले आहे का? "हॅव यू एव्हर बीन आस्क्ड युअर फुल नेम?" एवढेच. पहिल्या तीन प्रश्नांना वर्ग बोलू लागला. चौथ्याला क्षणभर शांत झाला. मग परिचारिकांपैकी एक म्हणाली, "यस, आय हॅव. वेन आय टेक रूम." भाड्याची खोली. चुकीचा काळ, पण मी दुरुस्त केला नाही. मग सुरक्षारक्षक बोलला, मग शिंप्याच्या दुकानातली मुलगी. मावशींनी त्या दिवशी एकदाही 'नो' म्हटले नाही. ठरलेली पाच मिनिटे संपून चौदा झाली. कारकुनांपैकी दोघे गप्प बसून राहिले होते. हेही नोंदवले पाहिजे.

निरीक्षकांचे शेरे दोन होते. वेळेचे नियोजन चुकले. आणि विषय संवेदनशील होता, काही विद्यार्थ्यांना अवघडल्यासारखे झाले असावे. पहिला शेरा बरोबर होता. दुसऱ्यावर मी त्यांना एवढेच विचारले की पहिल्या पाठात मावशींना अवघडल्यासारखे झाले नसेल काय? ते सज्जन होते. विचारात पडले. गुण मात्र पहिल्या पाठाला जास्त मिळाले.

आता या अभ्यासक्रमाचे जे चांगले आहे ते नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. त्याने मला गप्प बसायला शिकवले. आपल्याकडचा प्राध्यापक पन्नास मिनिटे बोलतो, विद्यार्थी पन्नास मिनिटे लिहून घेतो आणि याला आपण अध्यापन म्हणतो. गुरूने बोलावे, शिष्याने ऐकावे, ही रीत कोणत्या परंपरेतून आली हे सांगायला नको. वर्गात शिक्षकाने कमी बोलावे, विद्यार्थ्यांनी एकमेकांशी बोलावे, समजले का असे न विचारता समजले की नाही हे छोट्या प्रश्नांनी तपासावे, या गोष्टी मी तिथे शिकलो आणि आज आमच्या महाविद्यालयात वापरतो. सरावाचे ते सहा तास माझ्या नऊ वर्षांच्या तासिकांपेक्षा मला जास्त शिकवून गेले. हे मान्य केले पाहिजे.

पण त्यातही एक गोष्ट राहिली. कृतीच्या आधारे भाषा शिकवण्याची पद्धत आम्हाला जणू लंडनची देणगी म्हणून सांगितली गेली. त्या पद्धतीच्या मुळाशी असलेल्या प्रयोगांपैकी सर्वांत गाजलेला प्रयोग १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातल्या साध्या शाळांत झाला. एन. एस. प्रभू यांनी बंगळूर, मद्रास या भागांत मुलांना व्याकरणाचे पाठ न देता रेल्वेचे वेळापत्रक वाचणे, नकाशा समजून घेणे अशी कोडी घातली. मुले कोडे सोडवण्यात गुंतली की भाषा मागून येते, असे त्यांचे म्हणणे. १९८७ साली त्यांचे पुस्तक निघाले. १९९० साली त्यांनी सर्वोत्तम अशी एकच पद्धत का नसते यावर लेख लिहिला. शिक्षकाची स्वतःची जाण जिवंत असणे महत्त्वाचे, असा त्याचा आशय. आमच्या चार आठवड्यांत प्रभूंचे नाव एकदाही आले नाही. कापूस इथला, कापड मँचेस्टरचे, हे चित्र जुने आहे. प्रभूंच्या प्रयोगात सहभागी झालेल्या मुलांची नावे कोणी विचारणार नाही, पण निदान गावाचे नाव तरी घ्यावे.

माझ्या विद्यार्थिनीला मी अखेर काय सांगितले, ते सांगतो. सेल्टाचा दरारा मोठा आहे. ट्रिनिटीचे प्रमाणपत्रही त्याच तोलाचे मानले जाते. संगणकावर बसून दोन दिवसांत हाती पडणाऱ्या स्वस्त प्रमाणपत्रांवर पैसे घालवू नकोस, त्यांत वर्ग नसतो. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेश शिष्यवृत्ती आहे, पण ती नामांकित विद्यापीठांतल्या पदव्युत्तर शिक्षणासाठी आणि पीएच.डी.साठी, चार आठवड्यांच्या प्रमाणपत्राला ती मिळत नाही. म्हणजे कर्ज काढावे लागेल. हैदराबादला १९५८ साली स्थापन झालेली आणि आज विद्यापीठ झालेली इंग्रजीची केंद्रीय संस्था आहे. तिथले अध्यापनाचे शिक्षण जास्त खोल आहे, मात्र परदेशी भाषाशाळेचा मालक ते नाव ओळखेल याची खात्री नाही. व्हिएतनाममध्ये भारतीयाला कायद्याने बंदी नाही. पदवी आणि प्रमाणपत्र लागते, पदवी साक्षांकित करून घ्यावी लागते. कोरियाचा नाद सोड. पगाराचे दोन तक्ते असतील तर दुसरा तक्ता आधी मागून घे.

तिने सगळे वहीत लिहून घेतले. मग विचारले, "आणि सर, तुम्हाला अकरा नकार आले तरी मला जा म्हणता?"

मी म्हणालो, "जा म्हणत नाही. काय आहे ते सांगतो. ठरव तू."

"तिथे गेल्यावर आडनाव कोणी विचारणार नाही ना?"

यावर मी लगेच उत्तर दिले नाही. भाषाशाळेचा मालक विचारणार नाही. त्याला पासपोर्टचा रंग पुरतो. पण परदेशात आपली माणसेही असतातच. अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल शहराला २०२३ साली जातीवरून भेदभावास बंदी घालणारा कायदा करावा लागला, तो गोऱ्यांच्या आपसातल्या वागणुकीमुळे नव्हे. हे मी तिला सांगितले. ती म्हणाली, "मग दोन्हीकडं विचारतीलच. तिकडं पगार तरी वेळेवर मिळंल."

तिने अर्ज केला आहे. शिफारसपत्राचा नमुना माझ्याकडे आला. त्यात उमेदवाराच्या इंग्रजीवरील प्रभुत्वाचा एक रकाना आहे आणि खूण करायला चार चौकटी : नेटिव्ह, निअर-नेटिव्ह, चांगले, साधारण. मी चारही चौकटी कोऱ्या ठेवल्या. खाली जागा होती तिथे लिहिले की, ही मुलगी दर शनिवारी आमच्या वस्तीच्या समाजमंदिरात आठवी-नववीच्या एकवीस मुलांचा इंग्रजीचा वर्ग घेते, मी तीन वेळा मागे बसून तो पाहिला आहे आणि त्या तासाला तिच्यापेक्षा मुले जास्त बोलतात.